गाडी घासली, आता क्लेम करायचा की खिशातून भागवायचं?

या महिन्यात आलेली बरीच पत्रं एकाच विषयावरची आहेत, गाडीला किरकोळ धक्का लागला, आता इन्शुरन्सकडं जायचं की आपापसात मिटवायचं. त्यातली पाच निवडलीत. ज्यांना घाई होती त्यांना फोनवर आधीच सांगितलंय, इथं सगळ्यांसाठी लिहितोय. पहिलं उत्तर लांबलंय कारण हिशोब कसा करायचा ते एकदा नीट मांडलं की प्रत्येकाला आपापल्या गाडीचं घरी बसून काढता येईल.

प्रश्न: माझी हॅचबॅक आहे, १२०० सीसीची, पाचवं वर्ष चालू आहे. कोल्हापुरात दाभोळकर कॉर्नरला सिग्नल सुटला म्हणून गाडी पुढं घेतली आणि पुढच्यानं एकदम ब्रेक मारला, माझी गाडी त्याच्या मागच्या बंपरला बसली. कुणाला काही लागलं नाही. माझा पुढचा बंपर फाटला, एक हेडलाइट गेला आणि फेंडर चेपलाय. शोरूमनं १६ हजारांचं एस्टिमेट दिलंय, उद्यमनगरातला डेंटर साडेनऊ हजारात करून देतो म्हणतोय. समोरचा म्हणतोय ७ हजार रोख द्या नाहीतर तुमच्या इन्शुरन्समधनं मिळवून द्या. आमचे मिस्टर म्हणतात एवढा इन्शुरन्स भरतोय कशापायी, क्लेम करून टाक. भाऊ म्हणतो क्लेम केलास की बोनस गेला. आजवर एकही क्लेम केलेला नाही, झिरो डेप, म्हणजे पार्टचा घसारा न कापणारं जादा कव्हर, घेतलेलं नाही. काय करू?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर: ताई, मिस्टर आणि भाऊ दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त आकडे दोघांनीही मांडलेले नाहीत. तुम्ही पॉलिसीचा फोटो पाठवलाय त्यामुळं काम सोपं झालं.

आपल्या प्रीमियमचे दोन भाग असतात. एक थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्यासाठी. याचा दर सरकार ठरवतं, १००० ते १५०० सीसीच्या खाजगी गाडीला २०२२ साली ठरलेला दर वर्षाला ३,४१६ रुपये, तुम्ही क्लेम करा नाहीतर करू नका, त्यात फरक पडत नाही. दुसरा भाग ओन डॅमेज, म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी, आणि नो क्लेम बोनस, ज्याला सगळे एनसीबी म्हणतात, तो फक्त या भागावर मिळतो. एक वर्ष क्लेम न करता गेलं की २० टक्के, दोन वर्षं २५, तीन वर्षं ३५, चार वर्षं ४५ आणि पाच वर्षं झाली की ५० टक्के, त्याच्या वर जात नाही. आणि एक जरी ओन डॅमेजचा क्लेम केला, अगदी दोन हजारांचा केला, चूक समोरच्याची असली तरी, पुढच्या रिन्यूअलला बोनस शून्यावर येतो आणि परत २० पासून चढायला लागतं. लोक इथंच फसतात, त्यांना वाटतं एकाच वर्षाचा बोनस जातोय.

तुमच्या पॉलिसीत बोनस कापायच्या आधीचा ओन डॅमेजचा प्रीमियम ९,००० आहे आणि आत्ता तुम्हाला ४५ टक्के मिळतायत. क्लेम केला नाहीत तर पुढच्या वर्षी ५० टक्के मिळून ४,५०० भरायचे, क्लेम केलात तर पूर्ण ९,०००, म्हणजे पहिल्याच वर्षी ४,५०० चा फरक. त्याच्या पुढच्या वर्षी तुम्ही २० टक्क्यांवर असाल, ७,२०० भराल, एरवी ४,५०० च भरले असते, फरक २,७००. तिसऱ्या वर्षी फरक २,२५०, चौथ्या वर्षी १,३५०, पाचव्या वर्षी ४५०, आणि सहाव्या वर्षी तुम्ही परत ५० टक्क्यांवर. सगळं मिळून ११,२५० होतात आणि प्रीमियमवर १८ टक्के जीएसटी असतो तो धरला की १३,२७५. गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली किंमत, दरवर्षी उतरते तसा मूळ प्रीमियम पण थोडा उतरतो, त्यामुळं खरा आकडा याच्या जरा खाली येईल, पण निर्णय घ्यायला एवढं पुरतं.

आता कंपनी देणार किती ते बघा. १६ हजारांचं बिल म्हणजे १६ हजार मिळतात असं नाही. झिरो डेप नसलं की प्लास्टिक आणि रबराच्या पार्टवर ५० टक्के घसारा कापतात, गाडी नवी असली तरी. काचेवर घसारा नाही. पत्र्याच्या पार्टवर गाडीच्या वयाप्रमाणं, सहा महिन्यांपर्यंत काही नाही आणि मग वाढत वाढत चार ते पाच वर्षांच्या गाडीला ३५ टक्के, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४०. रंगकामात मटेरियल म्हणून बिलाचा चौथा हिस्सा धरतात आणि त्याचा निम्मा कापतात. लेबर पूर्ण देतात. तुमच्या एस्टिमेटमध्ये बंपर ३,२०० आणि हेडलाइट ४,५०० आहे, दोन्ही प्लास्टिकमध्ये धरले तर ३,८५० मिळतील, रंगकाम ६,००० आहे त्यातले ५,२५०, लेबर २,३०० पूर्ण. फेंडर बदलायचा नाहीये, ठोकून सरळ करायचाय, म्हणून पत्र्याचा घसारा इथं येत नाही. झाले ११,४००. त्यातनं सक्तीची कपात १,००० रुपये, ती १५०० सीसीपर्यंतच्या प्रत्येक गाडीला असतेच, त्याच्या वरच्या गाडीला २,०००. हातात १०,४००.

म्हणजे १०,४०० मिळवायला १३ हजारांच्या आसपास घालवायचे. तुमच्या केसमध्ये क्लेम करू नका. झिरो डेप असतं तर १५ हजार मिळाले असते आणि गणित जवळजवळ बरोबरीत आलं असतं, तरी सुद्धा मी थांबा म्हटलं असतं कारण वर्ष अजून संपलेलं नाही आणि मोठं काही झालं तर तेव्हा क्लेम करावाच लागेल, तेव्हा बोनस गेला तर निदान मोठ्या रकमेसाठी गेला.

पण एक गोष्ट आधी करा. बंपर उतरवून आत बघितल्याशिवाय निर्णय घेऊ नका. बंपर वरनं नुसता फाटलेला दिसतो आणि आत रेडिएटर सपोर्ट वाकलेला असतो, एसीचा कंडेन्सर दबलेला असतो, मग १६ चे ३५ हजार होतात आणि सगळा हिशोब उलटा फिरतो. त्यामुळं कामाला हात लावायच्या आधी बंपर उतरवून फोटो काढून घ्या. एकदा काम चालू केलं की सर्व्हेअरला, म्हणजे कंपनीतर्फे नुकसान तपासणाऱ्याला, ते दाखवता येत नाही आणि मग क्लेम करायचा म्हटलं तरी अडचण येते. कळवायला पण उशीर करून चालत नाही, कंपन्या एक-दोन दिवसांत कळवा म्हणतात, म्हणजे हे सगळं त्याच एक-दोन दिवसांत उरकायला पाहिजे. कंपनीला फोन करून नुसतं विचारायचं असेल तर सुरुवातीलाच सांगा की चौकशी आहे, क्लेम नोंदवायचा नाही, आणि शेवटी क्लेम नंबर तयार झालाय का ते स्पष्ट विचारून घ्या.

उद्यमनगरातल्या कामाबद्दल विचारलंय. फेंडर ठोकून सरळ करणं, बंपरला प्लास्टिक वेल्डिंग करून रंगवणं ही कामं तिथले कारीगर उत्तम करतात, माझं त्याबद्दल मत चांगलं आहे. फक्त हेडलाइट ओरिजिनल टाकतायत का लोकल ते विचारा, रंग भट्टीत सुकवतात का उघड्यावर ते बघा आणि बिल घ्या. गाडी अजून वॉरंटीत असेल तर वायरिंगला हात लागेल असं काम मात्र शोरूमलाच करा.

आता समोरचा माणूस. मागून बसणाऱ्यानं अंतर राखायचं असतं, त्यामुळं त्याचं नुकसान भरून देणं तुमच्याकडं येतं, यात मी तुमची बाजू घेणार नाही. कागदोपत्री तुमच्या थर्ड पार्टीत दुसऱ्याच्या मालमत्तेचं साडेसात लाखांपर्यंतचं नुकसान बसतं, पण त्या पैशाचा रस्ता मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातनं जातो, ७ हजारांसाठी तिथं कोण जाणार. त्यानं स्वतःच्या पॉलिसीवर क्लेम केला तर तुमच्या धक्क्यापायी त्याचा बोनस जातोय, ते पण बरं नाही. म्हणून त्याला खिशातनं देणंच रास्त आहे. पण ७ हजार हा आकडा आला कुठनं ते विचारा, गॅरेजचं एस्टिमेट मागा, आणि जमलं तर पैसे त्याच्या हातात न देता गाडी दुरुस्त झाल्यावर गॅरेजला यूपीआयनं द्या, नोंद राहते. साध्या कागदावर लिहून घ्या: तारीख, वेळ, जागा, दोन्ही गाड्यांचे नंबर, कुणालाही इजा झालेली नाही, एवढी रक्कम मिळाली, या घटनेबाबत पुढं मागणी राहिलेली नाही. दोघांच्या सह्या, दोघांच्या लायसनचे फोटो. आणि हे लक्षात ठेवा की कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय समोरच्याला पैसे द्यायचे नाहीत, चूक कबूल करायची नाही अशी अट पॉलिसीतच असते, त्यामुळं हे ७ हजार नंतर कंपनीकडनं मिळणार नाहीत. इतक्या छोट्या रकमेला ते चालून जातं.

बाकीच्या वाचकांसाठी ढोबळ आकडा देऊन ठेवतो. क्लेम केल्यामुळं पुढच्या वर्षांत एकूण किती जाणार, तर बोनसच्या आधीच्या ओन डॅमेज प्रीमियमचे इतके टक्के: पॉलिसीत आत्ता बोनस शून्य असेल तर ५०, आत्ता २० असेल तर ८०, २५ असेल तर १०५, ३५ असेल तर १२०, आणि ४५ किंवा ५० असेल तर १२५. त्यावर जीएसटी. गाडी तुम्ही वर्षा-दोन वर्षांत विकून परत गाडीच घेणार नसाल तर एवढं जाणार नाही, आणि क्लेम केला तरी बोनस टिकवणारं एनसीबी प्रोटेक्ट नावाचं जादा कव्हर घेतलेलं असेल तर त्याच्या अटी आधी वाचा.

प्रश्न: कागल रोडला उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर चालला होता, मी ओव्हरटेक करताना मागची ट्रॉली झोलली आणि माझ्या गाडीची डावी बाजू पूर्ण घासली. दोन दरवाजे, आरसा, मागचा पॅनल. एस्टिमेट ४६ हजार. गाडी दुसऱ्या वर्षातली आहे, १२०० सीसी, झिरो डेप आहे, २० टक्के बोनस आहे, बोनसच्या आधीचा ओन डॅमेज प्रीमियम १४ हजार. ट्रॅक्टरवाला शेजारच्या गावचा, तोंडओळखीचा आहे. ५ हजार देतो म्हणतोय, पण माझी काही तक्रार नाही असं लिहून मागतोय. घेऊ का?
— एक वाचक, कागल

उत्तर: दादा, सही करू नका. हिशोब वरच्यासारखाच: तुमचं जाणार १४ हजारांचे ८० टक्के म्हणजे ११,२००, जीएसटी धरून १३,२१६, आणि झिरो डेपमुळं मिळणार साधारण ४५ हजार. क्लेम करायचाच.

सही का नको तर क्लेमचे पैसे दिल्यावर कंपनीला ज्याच्यामुळं नुकसान झालं त्याच्याकडनं वसूल करायचा हक्क असतो. तुम्ही माझी काही तक्रार नाही असं लिहून दिलंत की तो हक्कच तुम्ही परस्पर सोडून दिलात, आणि कंपनी त्यावर बोट ठेवून तुमचा क्लेम अडवू शकते. ५ हजारांसाठी ४५ हजार अडकवायचे नाहीत. पैसे घेतलेच असतील तर कंपनीला सांगा, लपवू नका.

गळीत हंगामात आपल्याकडं रस्त्याला लागलं की उसाच्या ट्रॉल्या असतातच आणि ट्रॅक्टरवाल्याची पण परिस्थिती कळते, बऱ्याचदा गाडी मालकाची असते, चालवणारा वेगळा असतो, ट्रॉलीला मागं रिफ्लेक्टर नसतो, ट्रॉलीचा विमा तर विचारूच नका. गावातले संबंध जपायचे असतील तर जपा, पण मग सगळं नुकसान त्यानं भरायचं किंवा क्लेम करायचा, दोन्हीतलं एक ठरवा. जवळच्या पोलीस स्टेशनला एक अर्ज देऊन पोच घेऊन ठेवा, नुसत्या पत्र्याच्या नुकसानीला बऱ्याचदा एफआयआर मागत नाहीत, पण दुसऱ्या गाडीनं घासलंय म्हटल्यावर कंपनी विचारू शकते. ट्रॅक्टर आणि दोन्ही ट्रॉल्यांच्या नंबरांचे फोटो काढले असतील तर ते सर्व्हेअरला द्या.

कंपनीनं उगाच कापाकापी केली किंवा टाळाटाळ केली तर आधी कंपनीच्याच तक्रार विभागाला लेखी कळवा, महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडं जाता येतं, आपल्या भागाचं कार्यालय पुण्यात आहे, फी नाही, वकील लागत नाही. विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या आयआरडीएआयचा १५५२५५ हा टोल फ्री नंबर पण तक्रारीसाठीच आहे.

प्रश्न: इचलकरंजीच्या ओळखीच्या माणसाकडनं सेकंड हँड गाडी घेतली. आरसी माझ्या नावावर झाली, पॉलिसी अजून त्याच्याच नावावर आहे, ५० टक्के बोनस आहे त्यावर. पार्किंगमध्ये कुणीतरी मागं ठोकून गेलंय, १८ हजारांचं काम आहे. त्याच्या नावानं क्लेम होईल का?
— एक वाचक, शाहूपुरी

उत्तर: होणार नाही, आणि त्याच्याकडनं सही घेऊन करायचा प्रयत्न पण करू नका. गाडी विकल्यावर थर्ड पार्टीचं संरक्षण कायद्यानं नव्या मालकाकडं येतं, पण ओन डॅमेज येत नाही, त्यासाठी १४ दिवसांच्या आत कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायची असते. आता गाडी तुमची आणि ओन डॅमेजचा करार त्याचा, त्यामुळं नुकसान त्याचं नाही आणि पॉलिसी तुमची नाही. हे १८ हजार खिशातनंच जाणार.

तो ५० टक्के बोनस पण तुमचा नाही. बोनस गाडीला नसतो, मालकाला असतो. विकणाऱ्यानं कंपनीकडनं बोनसचं पत्र घेऊन ठेवलं तर तीन वर्षांत तो आपल्या नव्या गाडीला वापरू शकतो, त्याला हे सांगा, बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि फुकट जातो. तुमची पॉलिसी ट्रान्सफर होताना बोनसचा फरक कंपनी तुमच्याकडनं भरून घेईल, तो भरा आणि हे काम याच आठवड्यात उरका.

प्रश्न: सतरा वर्षांच्या पुतण्यानं कॉलनीत गाडी काढली आणि कंपाउंडच्या भिंतीला घासली. २२ हजारांचं काम. गॅरेजवाला म्हणतो गाडी तुम्ही चालवत होता असं लिहा, आम्ही करून देतो. लिहू का?
— एक वाचक, कळंबा

उत्तर: नाही. खोटी माहिती देऊन केलेला क्लेम कळला की क्लेम तर जातोच, पॉलिसीवरही गंडांतर येतं, आणि ते कागद तुमच्या सहीचे असतात, गॅरेजवाल्याच्या नाही. २२ हजार स्वतः भरा.

पण मला काळजी पैशाची नाही. भिंतीऐवजी माणूस असता तर? मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९९अ आलंय, अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन वर्षभर रद्द, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. शिवाय लायसन नसताना कुणाला लागलं तर कंपनी जखमी माणसाला भरपाई देऊन ती सगळी रक्कम मालकाकडनं वसूल करायला येऊ शकते. गाडीची चावी पोराच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी ठेवा.

प्रश्न: कसबा बावड्यात गल्लीतनं गाडी बाहेर काढताना सायकलवरच्या आजोबांना धक्का लागला. ते पडले, उठले, हाताला खरचटलं होतं. मी दवाखान्यात चला म्हटलं, ते नको म्हणाले, तीन हजार दिले, ते गेले. दोन दिवसांनी त्यांच्या मुलाचा फोन, मनगटाला फ्रॅक्चर आहे, ४० हजार द्या नाहीतर केस करतो. मित्र म्हणतात देऊन लिहून घे आणि मोकळा हो. इन्शुरन्सला कळवलेलं नाही.
— एक वाचक, लाइन बाजार

उत्तर: दादा, वरची सगळी गणितं पत्र्याची आहेत, इथं ती लावायची नाहीत. माणसाला लागलंय म्हटल्यावर बोनस किती जातो हा प्रश्नच बाजूला ठेवा.

पहिलं, उद्या त्यांच्या घरी जा. फोनवर भावताव करत बसू नका. एक्स-रे बघा, डॉक्टर काय म्हणतात विचारा, औषधपाण्याला मदत करावीशी वाटली तर जरूर करा, आणि ती मदत म्हणूनच द्या, दवाखान्याचं आणि मेडिकलचं बिल थेट भरा, पावत्या ठेवा. म्हाताऱ्या माणसाचं मनगट मोडलं की ते किती महिने आंघोळीला, जेवायला दुसऱ्यावर अवलंबून राहतात ते ज्यांच्या घरी झालंय त्यांना विचारा.

दुसरं, पोलीस स्टेशन. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणं अपघातात कुणी जखमी झालं तर ड्रायव्हरनं त्याला उपचार मिळवून द्यायचे असतात, आणि लवकरात लवकर, उशिरात उशिरा २४ तासांत जवळच्या पोलीस स्टेशनला कळवायचं असतं. जमावाच्या रागामुळं थांबणं शक्य नसेल तर कायदा ते समजून घेतो, पण कळवणं चुकत नाही. तुमचे २४ तास गेलेत, तरी जा, आजोबांना आधी जास्त लागलंय असं वाटलं नव्हतं आणि ते स्वतः दवाखान्यात नको म्हणाले हे खरं ते सांगा. स्वतःहून गेलेल्या माणसाची बाजू वेगळी दिसते. आधी एखाद्या वकिलाला भेटून गेलात तर आणखी बरं.

तिसरं, इन्शुरन्स कंपनीला आजच्या आज लेखी कळवा. तेच कलम सांगतं की पॉलिसी नंबर, तारीख, वेळ, जागा, जखमी कोण, गाडी कोण चालवत होतं आणि त्याचं लायसन ही माहिती कंपनीला द्यायची असते. थर्ड पार्टी आपण याच्यासाठीच भरतो. माणसाच्या इजेला तिथं मालमत्तेसारखी साडेसात लाखांची मर्यादा नाही, न्यायाधिकरण जेवढी भरपाई ठरवेल तेवढी कंपनीला द्यावी लागते. तुम्ही न कळवता ४० हजार देऊन, चूक माझी म्हणून सही करून बसलात आणि दोन महिन्यांनी हाताचं ऑपरेशन करायला लागलं, तर त्या कागदानं त्यांचा दाव्याचा हक्क संपेल याची खात्री नाही, पण कंपनीला तुमच्याविरुद्ध मुद्दा नक्की मिळेल. मित्रांचा सल्ला म्हणून मला पटत नाही.

आणि त्या मुलाला ब्लॅकमेलर समजू नका. त्याच्या वडिलांना भरपाई मागायचा हक्क आहे आणि त्याचा रस्ता कोर्टातल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा आहे, हे तुम्हीच त्याला सांगा, माझ्या पॉलिसीचा नंबर हा घे म्हणून द्या. उपचाराचा खर्च, बुडालेली कमाई, झालेला त्रास सगळं तिथं मोजलं जातं. कंपनी तयार असली तर असे दावे लोकअदालतीत तडजोडीनं पण मिटतात आणि तिथं झालेली तडजोड कायद्यानं पक्की असते, गल्लीतल्या कागदासारखी नाही.

बाकीच्यांसाठी एवढंच, की रस्त्यावर पडलेला माणूस मला काही झालेलं नाही म्हणाला तरी त्याला सीपीआर या सरकारी दवाखान्यात किंवा जवळच्या दवाखान्यात घेऊन जाच, वय जास्त असेल तर हट्टानं न्या, १०८ ला फोन करा. आणि २०२५ पासून रस्ता अपघातातल्या जखमींसाठी केंद्राची कॅशलेस उपचार योजना आहे, ठरवून दिलेल्या दवाखान्यांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचे उपचार त्यात बसतात, पण अपघाताची पोलिसांत नोंद असेल तरच तिचा उपयोग होतो, म्हणून दवाखान्यात पोचल्या पोचल्या ११२ ला कळवा.